ड्रायव्हरसकट वजन

शनिवार, ११ फेब्रुवारी

आज माझ्या सख्ख्या भावानं, व्हर्लिननं, मला वर्गाबाहेर काढलं. सगळ्यांच्या देखत, हात वर करून, कॉफीचा घोट घेता घेता.

ट्रॅक्टरनं जड ओझं ओढायच्या स्पर्धा घेणाऱ्या आमच्या क्लबची नियमांची बैठक चर्चच्या तळघरात होती. दर हिवाळ्यात असते आणि दर हिवाळ्यात कुणी ना कुणी रुसून घरी जातं. यंदा माझी पाळी. गेली वीसेक वर्षं मी पाच हजार पौंडांच्या साध्या वर्गात माझं जुनं फार्मॉल उतरवते आहे. साध्या वर्गात ट्रॅक्टर कारखान्यातून आला तसाच असावा लागतो. या हिवाळ्यात मी शेडमध्ये बसून मागच्या टायरच्या नक्षीच्या कडा घासून धारदार केल्या. मातीत जास्त रुततात म्हणून. निम्मे लोक करतात, फक्त तोंड उघडत नाहीत. मी उघडलं, तेही ख्रिसमसच्या जेवणाला, आपल्या भावासमोर. तिथे तो हूं की चूं बोलला नाही. ताटातलं हॅम तसंच ठेवून उठला. माझे टायर ऐकून पोटात दुखलं असणार.

आणि आज उभा राहून म्हणतो, "घासलेले टायर साध्या वर्गात चालणार नाहीत. नियम सगळ्यांना सारखा." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हात वर झाले. हार्लन माइन्ट्स, आमचा अध्यक्ष, ज्याचा ट्रॅक्टर दोनदा मी चिखलातून काढून दिलाय, त्याचाही हात वर.

म्हणजे आता मी सुधारित वर्गात, कान फोडणाऱ्या इंजिनांच्या पोरांत. आणि साधा वर्ग सुटला म्हणून त्या वर्गाची तपासणी आणि वजनकाटा हार्लननं माझ्याच गळ्यात मारला. म्हणे, तुला नियम पाठ आहेत. असणारच. मी आणि व्हर्लिननंच ते आईच्या स्वयंपाकघरात भांडत भांडत लिहिले होते.

घरी येऊन लोवेलला सगळं सांगितलं. चाळीस वर्षांच्या संसारात या माझ्या नवऱ्याला कशाचा राग आलेला मी पाहिला नाही. तो म्हणाला, टायर तर घासलेच होतेस ना. अशा वेळी नवऱ्यानं गप्प बसावं एवढंही कळत नाही माणसाला.

बरं. काटा माझ्या हातात आहे. नियम सगळ्यांना सारखा, तर सारखाच.


शनिवार, ६ मे

हंगामाची पहिली स्पर्धा, डर्कमनच्या रानात. वारा सुटला होता, पण ऊन चांगलं होतं. मी सकाळपासून काट्याशी.

व्हर्लिन त्याचं हिरवं ऑलिव्हर घेऊन काट्यावर चढला. ड्रायव्हर सीटवर बसलेला असताना वजन होतं, आणि ड्रायव्हरसकट पाच हजाराच्या वर अर्धा पौंडही चालत नाही. व्हर्लिन गेली कित्येक वर्षं बरोब्बर पाच हजार भरतो. त्याच लोखंडी लाद्या, त्याच जागी, तोच माणूस. आज मात्र तीस-बत्तीस पौंड कमी भरला. मी म्हटलं, कमी आहेस. तो म्हणाला, बरं, आणि मागे जाऊन आणखी एक लादी पुढच्या तोंडाला लटकवून आला. आता बरोबर पाच हजार.

इथेच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. लोखंड हवं तिथे लटकवता येतं, माणूस नाही. माणूस सीटवरच बसणार, मागच्या चाकांच्याही मागे, आणि तिथलं वजन ट्रॅक्टरचं तोंड उचलायलाच मदत करतं. जसजसं अंतर कापलं जातं, तसतसं मागे साखळीनं ओढायच्या स्लेडवरचं, म्हणजे लोखंडी घसरगाडीवरचं, ओझं पुढे सरकत येतं आणि ओढायला जड होतं. शेवटच्या पन्नास फुटांत भल्याभल्यांची पुढची चाकं हवेत जातात. पुढे एक लादी जास्त मिळाली तर सोन्याहून पिवळं. आणि झालंही तसंच. ऑलिव्हरचं तोंड जमिनीला चिकटून राहिलं आणि त्यानं वर्गात बाजी मारली.

जिंकल्यावर गड्यानं जाडजूड कॅनव्हासचं जाकीट अंगावरून काढलं नाही. एवढ्या उन्हात. आमच्या तंबूत जेवायलाही आला नाही. हार्लन म्हणाला, थंडी वाजत असेल. मे महिन्यात? थंडी नाही, मस्ती.


सोमवार, ८ मे

लोवेलचं म्हणणं, काटाच बिघडला असेल. मी मक्याच्या बियाण्याची सीलबंद पोती आणून काट्यावर ठेवली. काटा ठणठणीत आहे. लोवेलला तसं सांगितलं. तो म्हणाला, मग व्हर्लिनच जरा उतरला असेल, मागून त्याची पँट ढगळ दिसत होती. मी म्हटलं, वजन उतरवणारा माणूस तो नव्हे, आमच्या घराण्यात कुणी ताटाला नाही म्हटलेलं नाही. विषय संपला.


शनिवार, १० जून

पुन्हा कमी. मागच्या वेळची जादा लादी लावूनसुद्धा पुन्हा वीसेक पौंड कमी. पुन्हा गेला, पुन्हा पुढे लोखंड लटकवलं, पुन्हा पहिला आला. लोक टाळ्या वाजवतात. मला तर अंगाचा तिळपापड झाला.

आज राजेसाहेबांना ड्रायव्हर लागतो. ट्रॅक्टर लादलेला ट्रेलर माझी वहिनी मार्सेला चालवत आली आणि हे शेजारी बसून. आणि स्पर्धा संपल्या संपल्या ट्रकच्या काचा वर करून आत बसला, आमच्यापैकी कुणाशी बोलावं लागू नये म्हणून. मी राग गिळून त्याच्या आवडीचा चेरीचा केक केला होता. भाऊच आहे, म्हटलं. डबा घेऊन काचेवर टकटक केली. काच चार बोटं खाली झाली, म्हणाला नंतर खातो, मार्सेलाकडे दे. मार्सेलानं डबा घेतला आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी काही बोलायला हवं होतं. काय बोलायचं? केक करून आणला, आता घास भरवू का?

सुधारित वर्गात माझा सहावा नंबर आला. सहाच होते.


मंगळवार, १३ जून

कळलं. अखेर कळलं.

त्यानं ट्रॅक्टर हलका केलाय. बिडाचे भाग काढून त्या जागी ॲल्युमिनियमचे बसवलेत. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या ट्रॅक्टरचे असे भाग बनवून देणारे लोक आहेत, सुधारित वर्गातली पोरं सर्रास वापरतात. वर हिरवा रंग मारला की कुणाच्या बापाला कळणार नाही. मागचा गाडा हलका करायचा, वाचलेलं वजन लोखंड म्हणून पुढे लटकवायचं. साध्या वर्गात हे शंभर टक्के निषिद्ध. हा नियम कुणी लिहिला? व्हर्लिननं. स्वतःच्या अक्षरात.

माझ्या टायरच्या कडा दिसतात आणि हे दिसत नाही. वा रे वा. नाकानं कांदे सोलायचे आणि वर मला शहाणपण शिकवायचं.

लोवेल म्हणाला, तू त्याला जाऊन सरळ विचार ना. मी नाही विचारणार. मला नियम बघायचाय, त्याची तोंडदेखली कारणं नाहीत.


शनिवार, २४ जून

आज खिशात लोहचुंबक घेऊन गेले. फ्रिजवरचा, डुकराच्या आकाराचा, दुसरा मिळाला नाही. बिडाला चिकटतो, ॲल्युमिनियमला नाही.

काट्यावर चढायच्या आधी मी ऑलिव्हरच्या खाली शिरले. माझ्या वयाला हे शोभत नाही ते मला ठाऊक आहे. चाकांचे तवे, गिअरपेटी, पुढचा कणा, सगळीकडे डुक्कर लावून पाहिलं. सगळीकडे चिकटलं. व्हर्लिन त्याच्या घडीच्या खुर्चीवर बसून बघत होता. उठलाही नाही. म्हणाला, "काय सापडलं?" मी म्हटलं, अजून शोधतेय. तो हसला, आणि हसता हसता खोकत बसला. मग म्हणाला, "शोध, शोध. तपासणी अशीच व्हायला पाहिजे." मला असली कौतुकं नकोत.

त्याच्या पट्ट्याचं टोक कमरेवरून फिरून मागच्या खिशापर्यंत गेलं होतं. हल्ली काय फॅशन निघेल नेम नाही.

आजही कमी भरला. आजही लादी लटकवली. पण लादी त्यानं स्वतः नाही उचलली, हार्लनला उचलायला लावली. अध्यक्ष झाला म्हणून काय माणसानं हमाली करायची?


शनिवार, ८ जुलै

हे लिहायला नको वाटतंय. पण लिहिते.

आज मी रीतसर तक्रार केली. तपासणीसाला हक्क आहे. म्हटलं, व्हर्लिनचा ट्रॅक्टर सगळं लोखंड काढून, ड्रायव्हर खाली उतरवून, नुसता मोजा. आमच्याकडे प्रत्येक ट्रॅक्टरचं नुसतं वजन सीटखाली पांढऱ्या रंगानं लिहिलेलं असतं. पहिल्या वर्षी मोजून लिहितात, मग कुणी बघतही नाही. ऑलिव्हरचा आकडा तर मीच लिहिलेला. म्हटलं, आजचं वजन त्या आकड्याहून कमी भरलं, तर भाग बदललेत हे शाळेतल्या पोरालाही कळेल.

हार्लन कुरकुरत होता, राहू दे, स्पर्धेला उशीर होतोय. मी म्हटलं, माझ्या टायरच्या वेळी उशीर होत नव्हता. लोक जमले. मला बरं वाटलं लोक जमले ते. मला हेच हवं होतं, सगळ्यांच्या देखत.

लोखंड काढलं. व्हर्लिन उतरला. उतरताना त्यानं चाकाला धरलं आणि थोडा वेळ तसाच थांबला. मला वाटलं नाटक. ट्रॅक्टर काट्यावर घेतला. मी सीटखाली वाकून पांढरा आकडा वाचला आणि मग काट्याचा. दोन्ही एकच. एका पौंडाचाही फरक नाही.

मी पुन्हा वाचला. हार्लननं वाचला. ट्रॅक्टर तोच, जुन्या लाद्या त्याच, काटा ठीक. राहिलं काय? हार्लनच्या तोंडावर ते आधी उमटलं, माझ्या नंतर. तो टोपी काढून जमिनीकडे बघायला लागला.

मग व्हर्लिननं जाकीट काढलं. आत हिवाळ्यातला सदरा, तो त्याच्या अंगावर दोरीवर वाळत घातल्यासारखा. हळूहळू चालत आला आणि काट्यावर उभा राहिला, ट्रॅक्टरच्या शेजारी. "घे. आता मला मोज."

दोनशे वीसचा गडी होता माझा भाऊ. किती भरला ते मला लिहायचं नाही. त्याच्यापेक्षा गावातल्या पोरीही जड भरतील.

माझ्या तोंडातून आलं ते हेच, की जाकीट घालून बसायचास म्हणून... तो म्हणाला, "माझ्या ट्रॅक्टरखाली आडवी पडलीस तू, आर्डी. नट न् नट बघितलास. मी तिथेच खुर्चीवर बसलो होतो."

मग तो ट्रॅक्टरवर चढला, लोखंड लावायला लावलं आणि वर्गात बाजी मारली. टाळ्या वाजवायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.


रविवार, ९ जुलै

चर्चमधून थेट त्याच्या घरी. आरामखुर्चीत गोधडी घेऊन बसला होता, बाहेर मक्याच्या पानांना घाम फुटेल अशा उकाड्यात.

स्वादुपिंड. डिसेंबरमध्येच कळलं होतं. म्हणजे ख्रिसमसला त्याला माहीत होतं, मी टायरच्या बढाया मारत होते तेव्हा. फेब्रुवारीत हात वर केला तेव्हाही माहीत होतं. औषधं केली, लागली नाहीत, आता बंद. अख्ख्या क्लबात कुणाला पत्ता नाही, आणि मार्सेलाला त्यानं शपथ घातली होती की आर्डीला कळता कामा नये. सगळ्या जगात फक्त आर्डीला.

मला रडू आलं नाही. संताप आला. इतका आला की मी उभ्या उभ्या ओरडले. मी कोण आहे तुझी? शेजारीण? त्यानं ओरडू दिलं.

मी म्हटलं, "का नाही सांगितलंस?"

"तू मला ट्रॅक्टरवरून उतरवलं असतंस."

"उतरवलंच असतं."

"म्हणूनच."

मग मी विचारलं, टायरचं तरी कशाला काढलंस, स्वतः या अवस्थेत असताना. तो खरंच चकित झाला. म्हणाला, "घासलेले होते ना टायर? त्याचा याच्याशी काय संबंध?"

या माणसाला काय करावं. आजारी आहे म्हणून सोडते.

त्याला एकच हवंय. ऑगस्टमधली काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, जत्रा, तिथली फेरी. मग म्हणशील ते ऐकेन, म्हणाला. माझा भाऊ मला काही मागत नाही. लहानपणी सायकलसुद्धा मागितली नाही, घेऊन गेला. आज मागितलं.

आणि गाडीपर्यंत सोडायला आलेल्या मार्सेलानं नेमकं उलटं मागितलं. माझा दंड धरून म्हणाली, "तपासणीस तू आहेस. तू नाही म्हण. घरात तो माझं ऐकत नाही, तिथे तुझं ऐकावं लागेल." जूनच्या स्पर्धेनंतर घरी जाताना तो ट्रकमध्ये बेशुद्ध झाला होता. सीटवर असताना झाला तर? समोर कुंपण, कुंपणाला टेकून माणसं, पोरं. साखळी तुटली तर इंजिन बंद पडायची दोरी असते. माणूस कोसळला तर दोरी नसते.

मी दोघांनाही हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.


बुधवार, १९ जुलै

गवत कापायचं यंत्र दगडावर घालून मोडलं. दगड मला माहीत होता. तीस वर्षं तिथेच आहे.

लोवेल यंत्र उचलून दुरुस्तीला घेऊन गेला. मी त्याच्यावरही ओरडले, की तुला मे महिन्यातच दिसलं होतं तर नीट का नाही सांगितलंस. तो म्हणाला, सांगितलं होतं. हो, सांगितलं होतं. म्हणून जास्त राग आला.


शनिवार, २९ जुलै

आजची स्पर्धा पावसानं रद्द. व्हर्लिनकडे जाऊन आले. दोन चमचे सूप, तेही मार्सेला समोर उभी राहिली म्हणून. बाकी वेळ खिडकीबाहेर शेडकडे बघत. माझ्याशी गोड बोलला. हवापाण्याचं, चर्चमधल्या नव्या पाद्र्याचं. माझा भाऊ माझ्याशी गोड बोलला, याचीच मला धडकी भरली.

हार्लन आला होता. म्हणाला, जत्रेत आपण सगळे डोळेझाक करू, एवढीच फेरी आहे त्याची. मी म्हटलं, मग पुढच्या वर्षी कुणाकुणाकडे डोळेझाक करायची तेही आजच सांग. तो म्हणाला, आर्डिथ, तुझ्या छातीत दगड आहे. असेल.

नियमात असं आहे की ड्रायव्हरला क्लच पूर्ण दाबता आला पाहिजे आणि कुठल्याही क्षणी ट्रॅक्टर थांबवता आला पाहिजे. आजवर आम्ही हे कधी कुणाचं तपासलं नाही. कोण तपासणार, सगळे शेतकरी गडी. जत्रेत तपासणार आहे. एकट्या व्हर्लिनचं नाही, सगळ्यांचं. क्लच गेला खाली तर बसेल. नाही गेला तर नाही. मी काही ठरवणार नाही, क्लच ठरवेल.

असं लिहिलं खरं. पण त्या ऑलिव्हरचा क्लच किती कडक आहे ते मला माहीत आहे.


शनिवार, ५ ऑगस्ट

जत्रा.

साध्या वर्गात नऊ ट्रॅक्टर. एकेकाला सीटवर बसवलं, इंजिन बंद, म्हटलं क्लच दाब, धरून ठेव, मी म्हणेन तेव्हा सोड. लोक हसत होते. एक म्हणाला, आर्डिथ, आता लग्नाच्या वेळीही हीच तपासणी ठेव. मी हसले नाही.

व्हर्लिन शेवटचा. दाढी केली होती, क्लबची टोपी, धुतलेला सदरा. दोघांनी हात देऊन वर चढवलं. लोक कुंपणाशी गोळा झाले होते. मार्सेला होती, पण तिनं पाठ केली होती.

मी म्हटलं, दाब.

त्यानं पाय ठेवला. क्लच अर्ध्यापर्यंत गेला आणि थांबला. त्याच्या मानेच्या शिरा वर आल्या. मी म्हटलं, पुन्हा. दुसऱ्यांदा त्यानं दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून सगळं अंग टाकलं. सगळं अंग म्हणजे आता होतं किती. अर्ध्याच्या खाली दोन बोटं गेला असेल. हार्लन माझ्या मागे हळूच म्हणाला, झालं, झालं, गेला खाली, पास कर.

नव्हता गेला.

मी म्हटलं, "व्हर्लिन, उतर."

माझा आवाज फाटला होता, पण सगळ्यांना ऐकू गेलं. त्यानं स्टिअरिंग धरून ठेवलं. मला वाटलं, आता हा मला जन्मात माफ करणार नाही, आणि त्याच्याकडे जन्म किती उरलाय. मला तिथून पळून जावंसं वाटलं. काट्यावरचे सगळे आकडे पुसून घरी जाऊन झोपावंसं वाटलं.

त्यानं स्टिअरिंगवरचे हात काढले. मग म्हणाला, "हार्लननं सोडलं असतं."

"माहितेय."

"मीही नसतं सोडलं," म्हणाला, आणि उतरायला हात पुढे केला. उतरवून बादलीवर बसवला. दम खाल्ला, आणि बसल्या जागेवरून म्हणाला, "मग बघत काय उभी राहिलीस? ड्रायव्हर बदलता येतो. चढ."

मी नाही म्हटलं. तो म्हणाला, ट्रॅक्टरची नोंद झालीय, तो नुसता उभा राहणार नाही. काटा हार्लननं घेतला. मी चढले. माझं वजन मी या वहीतसुद्धा कधी लिहिलेलं नाही, आणि हार्लननं ट्रॅक्टरसकट आकडा जत्रेला ऐकू जाईल असा वाचला. वर्गाच्या किती तरी वर. व्हर्लिन जितका झिजला होता, त्याहून जास्तच मी भरले होते. लोखंड काढणं भाग होतं.

व्हर्लिन म्हणाला, मागच्या चाकांचं काढ. तू सीटवर जड आहेस, पुढचं काढलंस तर तोंड उचलेल. मी म्हटलं, पुढच्या लाद्या तुझ्या घटलेल्या वजनासाठी लावल्या होत्या, आता सीटवर वजन आलंय, तर त्याच काढायच्या, सरळ हिशोब आहे. तो म्हणाला, हिशोब सरळ आणि डोकं वाकडं. मी म्हटलं, ट्रॅक्टर मी चालवणारेय. आणि पुढच्या लाद्या काढल्या. खरं सांगायचं तर त्या लाद्या मला तिथे बघवत नव्हत्या. एकेक लादी म्हणजे त्याचं गेलेलं मांस.

साखळी अडकवली. झेंडा पडला. पहिले दोनशे फूट ऑलिव्हर लोण्यासारखं गेलं. मग स्लेडचं ओझं पुढे आलं आणि ट्रॅक्टरचं तोंड वर गेलं. पुढची चाकं हवेत, मला आकाशाशिवाय काही दिसेना, क्लच दाबावा लागला. तोंड धाडकन खाली. थांबला की फेरी संपली, दुसरी संधी नाही. नऊ जणांत आठवा नंबर.

मी खाली उतरले तर हार्लनच्या छोट्या गाडीत बसून व्हर्लिन माती तुडवत माझ्यापर्यंत आला होता. तोंड लाल. मला वाटलं, त्याची शेवटची फेरीही मी घालवली. तोंडही उघडू दिलं नाही त्यानं. सगळ्या जत्रेसमोर म्हणाला, काय सांगितलं होतं, मागचं काढ, मागचं काढ म्हणून. मेंढरालाही कळतं. पन्नास वर्षं ट्रॅक्टर चालवून हेच शिकलीस? आई म्हणायची ते खोटं नव्हतं. आई काय म्हणायची ते त्यानं सांगितलं, मी लिहीत नाही. मीही त्याला सोडलं नाही. घरापर्यंत भांडलो. ट्रकमध्ये आमच्या दोघांच्या मधे मार्सेला बसली होती, तिनं कानांवर हात ठेवले होते.


रविवार, ६ ऑगस्ट

चर्चला गेले नाही. अंग मोडून आलं होतं.

सकाळी मार्सेलाचा फोन वाजला. काही सेकंद उचललाच नाही.

ती म्हणाली, "उठल्यापासून तुला शिव्या घालतोय." मीठदाणी, साखरेचं भांडं आणि काटे मांडून तिला समजावून सांगतोय, लादी कुठे असायला हवी होती आणि ती मूर्ख बाई कुठली काढून बसली. आणि सांगता सांगता त्यानं दोन अंडी खाल्ली. टोस्ट खाल्ला. आणखी एक अंडं मागितलं. गेल्या कित्येक आठवड्यांत एवढं पोटात गेलेलं नाही. ती हसत होती की रडत होती मला सांगता येणार नाही.

मी म्हटलं, त्याला सांग, आर्डी म्हणतेय तिचंच बरोबर होतं, पुढचंच काढायला हवं होतं. मार्सेलानं सांगितलं. मागून त्याचा आवाज ऐकू आला, आणि भांडी आपटल्याचा. मार्सेला म्हणाली, "उद्या न्याहारीला ये."

जाणार आहे. उद्या सांगणार आहे की साध्या वर्गातली वेगाची मर्यादाच काढून टाकावी, ज्याला पळवायचंय त्यानं पळवावं. या भांडणावर अर्धी वाटी ओटमीलही पोटात जाईल बहुतेक. परवा काय सांगायचं ते अजून ठरत नाही. मी आणि लोवेल दुपारपासून स्वयंपाकघरात बसून विचार करतोय. इतकी वर्षं नियम पाठ आहेत, की चुकीचं म्हणून काही चटकन सुचतच नाही.